चार वाजताची धून

लोक त्यांना काटेभाऊ म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. चौकातल्या मनोऱ्याला चारी बाजूंनी घड्याळं होती आणि त्या घड्याळांचे आठ काटे तेवीस वर्षं यांच्या ताब्यात होते, म्हणून काटेभाऊ. अंगाने किडकिडीत, चालताना किंचित पुढे झुकलेले. खिशात तेलाची छोटी कुपी, कानात घालायला कापूस आणि डोक्यात कायम कशाची तरी काळजी. घराला कुलूप लावून ते जिन्याच्या तळापर्यंत जात आणि परत वर येऊन कुलूप ओढून बघत. त्यांची बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. ती म्हणायची, "यांच्या काळजीवर गोळी नाही. मी दुकानातलं एकूण एक कपाट बघितलंय."

घड्याळांच्या वरच्या मजल्यावर सोळा घंटा टांगलेल्या होत्या. सगळ्यात मोठी माणूस आत बसेल एवढी, सगळ्यात धाकटी पाण्याच्या तांब्याएवढी. प्रत्येकीशेजारी एक लोखंडी हातोडा, त्याच्या तोंडाला चामडं. रोज दुपारी चार वाजता हे सोळा हातोडे मिनिटभर एक धून वाजवत. कुठला हातोडा कधी उचलायचा हे भिंतीवरची एक राखाडी पेटी ठरवायची आणि पेटीत नखाएवढं मेमरी कार्ड होतं. त्या कार्डावर एकच फाइल. त्या फाइलीत आवाज बिवाज काही नव्हता. नुसती यादी होती: अमुक क्षणाला अमुक स्वर, एवढ्या जोराने. विणकामाच्या पुस्तकात उलटा-सुलटा टाका लिहिलेला असतो, तसंच. मिडी फाइल म्हणतात तिला. पेटीला दुसरं काही खायला घातलेलं चालायचं नाही.

धून रचली होती मुलींच्या शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी, घंटा बसवल्या त्या वर्षी. काटेभाऊंना त्यातलं ओ की ठो कळत नसे. सुरांशी त्यांचा छत्तीसचा आकडा होता. मुलगी तान्ही असताना त्यांनी एकदाच अंगाई म्हटली होती, तेव्हा ती रडायची थांबली. बायकोच्या मते भीतीने.

झालं काय, की एका सोमवारी त्यांना काळजी वाटली. कार्ड चौदा वर्षं जुनं. उद्या ते बिघडलं तर? एक नक्कल करून ठेवावी. तसा विचार वाईट नव्हता. त्यांनी सकाळी कार्ड काढलं, कागदात गुंडाळून घरी आणलं आणि मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर प्रश्न आला, की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? काटेभाऊंना वाटलं, वापरायची तर आहेच, आणि विचारतोय तेही इतक्या नम्रपणे. त्यांनी 'हो' दाबलं.

दोन सेकंदांत कार्ड धुतल्या पाटीसारखं कोरं झालं.

आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. ते कार्ड घेऊन मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने तासभर खटपट केली आणि मान हलवली. "काका, जुनं कार्ड आहे, यातून काही निघायचं नाही." पेटी बसवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. काटेभाऊंनी नगरपालिकेच्या कार्यालयातल्या कारकुनाला सहज विचारल्यासारखं विचारलं, की आपल्याकडे त्या धुनेची एखादी प्रत असेल का हो? कारकून म्हणाला, "ती तर तुमच्याकडेच असते ना?"

त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे विजेच्या कामांचे अधिकारी, मनोरा त्यांच्याच हाताखाली. फोन उचलेपर्यंत खरं सांगायचं ठरलं होतं. उचलल्यावर तोंडातून निघालं, "साहेब, हातोडे उचलणाऱ्या मोटरचा पट्टा जरा सरकतोय. धून चार दिवस बंद ठेवतो."

"ठेवा," साहेब म्हणाले. "शनिवारी मी तिकडे येतोच आहे. तेव्हा मीच बघतो."

तेवीस वर्षांत काटेभाऊंनी कार्यालयाला खोटं सांगितलं नव्हतं. प्रामाणिकपणामुळे नव्हे, धाडस नव्हतं म्हणून. आता खोटंही सांगून झालं होतं आणि ते तपासलं जायची तारीखही मिळाली होती.

त्या दिवशी चार वाजले आणि चौकात काहीच झालं नाही. मोठ्या घंटेचे चार टोले पडले, ते काम जुन्या यंत्राचं होतं. पण टोल्यांनंतर यायची ती धून आली नाही. काटेभाऊ मनोऱ्याच्या दारात उभे राहून बघत होते. रिक्षावाल्याने मान वर केली. शाळेचा पहारेकरी फाटकाच्या कडीला हात लावून थांबला, धून होईल मग उघडू म्हणून, आणि आतल्या पोरांनी गलका केला तेव्हा भानावर आला.

समोरच्या फुटपाथवर इस्त्रीवाली मावशी बसायची. दुसऱ्या दिवशी तिने हाक मारली. "काटेभाऊ, अहो तुमच्यापायी माझी काल रक्तदाबाची गोळी राहिली. धून झाली की मी गोळी घेते. टोल्यांकडे माझं लक्ष नसतं, ते दर तासालाच बडवतात."

"दुरुस्ती चालू आहे मावशी."

"होईल ना पण?"

"होईल की." असं म्हणताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. तिने इस्त्री पुढे ढकलली आणि कॉलरवर पाणी शिंपडलं. काटेभाऊ मनात म्हणत होते, या बाईला काही झालं तर ते माझ्या एका 'हो'मुळे.

मंगळवारी जेवताना ते भात नुसता चिवडत होते. बायको म्हणाली, "अहो, तोंडाने सांगताय की मी अंदाज बांधू? कारण माझे अंदाज फार वाईट असतात."

त्यांनी सांगितलं. तिने डोक्यावर हात मारला, मग तोच हात त्यांच्या पाठीवर ठेवला. थोडा विचार करून म्हणाली, "पिंकूचा तो व्हिडिओ नाही का? मनोऱ्याखालचा. मीच काढला होता, पहिल्या कॅमेरावाल्या फोनवर. मागे तुमच्या घंटा वाजत होत्या."

पिंकू म्हणजे त्यांची मुलगी. आता ती लांबच्या बंदरावर कंटेनरांची वजनं तपासण्याच्या कामावर होती आणि तिथे तिला कुणी पिंकू म्हणत नसे. काटेभाऊंनी फोन केला.

"बाबा? आज मंगळवारी कसा फोन? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. तुझा एक जुना व्हिडिओ हवा होता. असंच."

"बाबा, तुम्ही असंच काही करत नाही. बसतासुद्धा विचार करून."

मग तिलाही सांगावं लागलं. ती हसली नाही, हे त्यांच्या लक्षात राहिलं. म्हणाली, "व्हिडिओ आहे माझ्याकडे. आणि ऐका, आता अशा वेबसाइट आहेत की व्हिडिओ दिला तर त्यातले स्वर ओळखून मिडी फाइल बनवून देतात. काही बसवावं लागत नाही, ब्राउझरमध्येच होतं. पण आपला कॉम्प्युटर फार म्हातारा आहे, त्याला झेपणार नाही. वाचनालयात जा. मी सगळं क्रमाने लिहून पाठवते."

"माझ्याच्याने होईल का गं?"

"घड्याळाचं अख्खं यंत्र तुम्ही एकट्याने उतरवून परत चढवलंय बाबा."

"ते लोखंड असतं. लोखंड विचारत नाही, हो की नाही म्हणून."

बुधवारी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच ते पायरीवर हजर. आत खिडकीशी चार कॉम्प्युटर होते आणि प्रत्येकाला अर्धा तास असा नियम. ग्रंथपाल बाईंनी वहीत वेळ लिहिली आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तिसऱ्या नंबरवर बसा. माऊस जरा हट्टी आहे."

मुलीने लिहिलं होतं, की व्हिडिओ जुन्या फोनचा आहे, त्याचा प्रकार आता चालत नाही. आधी नव्या प्रकारात बदला, मग त्यातला आवाज वेगळा काढा, मग त्या आवाजाची मिडी करा. तीन पायऱ्या. पहिल्या दोन दहा मिनिटांत झाल्या, तेव्हा काटेभाऊंना वाटलं, आपण उगाच घाबरत होतो. तिसरीला त्या साइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की फाइल तुमच्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही, सगळं काम इथेच होतं. खाली लाल अक्षरांत: काम चालू असताना हे पान बंद करू नका. त्यांनी ते तीनदा वाचलं आणि माऊसवरून हातच काढून घेतला. चुकून बोट लागायला नको.

हिरवी पट्टी सरकू लागली. वीस टक्के. चाळीस. त्रेसष्टवर येऊन ती थांबली.

पाच मिनिटं झाली, त्रेसष्ट. अर्धा तास संपत आला. पाठीमागे एक बाई येऊन उभी राहिली, हातात अर्जाचे कागद. "झालं का हो तुमचं? माझा नंबर आहे."

"जरासंच राहिलंय. सदतीस टक्के."

"मला एकच अर्ज भरायचाय. तुम्ही ते बंद करून नंतर परत चालू करा की."

"बंद नाही करायचं!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी माना वळवल्या. काटेभाऊंचे कान लाल झाले. ते खुर्चीवरून उठले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, माफ करा. हे थांबलं तर... म्हणजे ते मनोऱ्यावरच्या धुनेचं आहे."

त्या बाईने त्यांच्याकडे निरखून बघितलं. "चारची धून? ती बंद का आहे? माझ्या सासऱ्यांना आम्ही त्या वेळी खुर्चीतून उठवून चालवतो. दोन दिवस झाले, ते उठायलाच तयार नाहीत. अजून वाजली नाही म्हणतात."

तिने ग्रंथपाल बाईंकडून दुसऱ्या कॉम्प्युटरची वेळ मागून घेतली. पट्टी अचानक जागी होऊन शंभरवर गेली आणि फाइल उतरली.

त्याच साइटवर ती फाइल उघडून बघता येत होती. वर-खाली स्वर, डावीकडून उजवीकडे वेळ, आणि प्रत्येक स्वर म्हणजे एक छोटी निळी रेघ. काटेभाऊंनी उघडली. पडदाभर मुंग्या सांडल्यासारखं दिसत होतं. कोपऱ्यात आकडा होता: एकूण स्वर, एक हजार एकशे त्रेचाळीस.

मिनिटभराच्या धुनेत हजारावर स्वर! सोळा हातोड्यांनी ते वाजवायचे म्हटलं असतं तर मनोरा खाली आला असता. त्यांनी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "त्या साइटला घंटा कुठली आणि रिक्षा कुठली ते कळत नाही बाबा. जे ऐकू आलं ते सगळं तिने स्वर म्हणून लिहून ठेवलंय. नको ते खोडावं लागेल."

"पण नको ते कुठलं, हे मला कसं कळणार? मला सूर कळत नाही गं!"

"मलाही नाही कळत. तुमच्यावरच गेलेय."

त्या दिवशी परत येताना काटेभाऊ घरी न जाता मनोऱ्यात चढले. एकशे बारा पायऱ्या. घंटांच्या खोलीत बसून राहिले. कबुतरं घुटर्र करत होती. राखाडी पेटीचं झाकण उघडंच होतं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक पिवळा पडलेला तक्ता चिकटवलेला होता: हातोडा एक म्हणजे अमुक स्वर, हातोडा दोन म्हणजे तमुक. सोळा ओळी. त्यांनी तो तेवीस वर्षांत हजार वेळा पाहिला असेल. आज ते ताडकन उठले. घंटा सोळाच आहेत. मग या सोळा स्वरांवर न बसणारी प्रत्येक रेघ खोटी!

मग त्यांची नजर भिंतीवर गेली. प्रत्येक हातोड्याशेजारी पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहिलेला होता. हातोड्याचं चामडं किती दिवसांनी बदलायचं हे कळावं, म्हणून आधीच्या घड्याळजीने लिहून ठेवलं होतं, की धुनेत हा हातोडा किती वेळा पडतो. पहिला चार वेळा, दुसरा दोन वेळा, पाचवा सात वेळा. त्यांनी सगळे आकडे कागदावर उतरवले. एकूण अठ्ठावन्न ठोके.

गुरुवारी सलग दोन वेळा मिळतील का, असं त्यांनी ग्रंथपाल बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "ते धुनेचं आहे ना? बसा. कोणी विचारलं तर मी बघते." गावात बातमी फिरली होती तर. इथपर्यंत आलंय, म्हणजे साहेबांच्या कानावर जायला कितीसा वेळ?

तक्ता बाजूला ठेवून ते रेघा खोडत गेले. सोळा स्वरांबाहेरच्या सगळ्या गेल्या तेव्हा तीनशे उरल्या. मग त्यांना दिसलं, की मोठ्या घंटेच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वर आणखी एकदोन फिकट रेघा उमटल्यात, सावल्यांसारख्या. एका घंटेच्या आवाजात इतर स्वर लपलेले असतात, हे त्यांना पुस्तकातून माहीत नव्हतं. पण मोठी घंटा वाजली की शेजारचीला हात लावला तरी ती थरथरते, हे त्यांच्या तळहाताला माहीत होतं. त्या सावल्याही खोडल्या.

आणि मग अकराव्या सेकंदापासून सोळाव्यापर्यंत वेगळ्याच रेघा लागल्या. आखूड, जिना चढल्यासारख्या वर जाणाऱ्या, मग घसरगुंडीसारख्या खाली येणाऱ्या. हे रिक्षाचं नव्हे, घंटेचंही नव्हे. त्यांनी कानाला हेडफोन लावून मूळ व्हिडिओ चालू केला. नऊ वर्षांची पिंकू, पुढचे दोन दात पडलेले, मान मागे टाकून मनोऱ्याकडे बघत ओरडत होती, "बाबा! ओ बाबा! इकडे बघा ना, खाली! मी इथे आहे!"

ते त्या वेळी वरच होते. कानात कापूस होता. त्यांना काहीही ऐकू आलं नव्हतं.

त्या रेघा काढल्याशिवाय धून मोकळी होणार नव्हती. काटेभाऊंनी एकेक रेघ निवडली आणि खोडली. 'बाबा'च्या दोन, 'ओ'ची एक लांब, 'खाली'च्या उतरत्या चार. खोडायच्या आधी प्रत्येक वेळी ती साइट विचारत होती, नक्की का, आणि प्रत्येक वेळी त्यांचा हात थबकत होता. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला. ग्रंथपाल बाई पाण्याचा पेला ठेवून गेल्या.

उरले पंचावन्न ठोके. हवे होते अठ्ठावन्न. भिंतीवरच्या आकड्यांशी एकेक हातोडा ताडून बघितला, तर सातव्याचा एक, नवव्याचा एक आणि बाराव्याचा एक कमी. तिन्ही त्या आरोळीखाली दबले होते. हातोडे कळले, पण क्रम? सात-नऊ-बारा, की बारा-सात-नऊ, की आणखी काही?

शुक्रवारी सकाळी ते फाइल कार्डावर घालून वर गेले. नेहमीसारखी चाचणी घ्यायची सोय नव्हती, कारण घंटा वाजली की गावभर ऐकू जाते. त्यांनी प्रत्येक हातोड्याखाली लाकडी पाचर ठोकली, म्हणजे हातोडा उचलला जाईल पण घंटेपर्यंत पोचणार नाही. पेटी सुरू केली. सोळा हातोडे मुक्याने उठबस करू लागले. काटेभाऊ बघत राहिले आणि त्यांच्या अंगावर काटा आला. ही धून त्यांना पाठ होती! कानाने नव्हे, डोळ्याने. पाच, तीन, तीन, आठ. मग दोनदा पाचवा, मग पहिला. तेवीस वर्षं रोज बघितलेली. कुठे एक हातोडा उशिरा उठला तरी त्यांना टोचत होतं.

मात्र नेमक्या त्या तीन जागा त्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या. तिथे तीन हातोडे झपाझप पडायचे, मोटरवर ओढ यायची, आणि पट्टा सरकत नाही ना हे बघायला ते दर वेळी खाली वाकायचे. काळजीपोटी.

आता एकच दार उरलं होतं आणि त्या दाराची त्यांना सगळ्यात जास्त भीती होती. गाण्याच्या बाई आता ऐंशीच्या घरात होत्या, पण त्यांचा दरारा उतरला नव्हता. एकदा हिवाळ्यात तेल गोठून धून जरा सावकाश वाजली, तर त्यांनी कार्यालयाला दोन पानी पत्र लिहिलं होतं.

बाईंनी स्वतःच दार उघडलं. "या. तुम्ही सोमवारीच याल असं मला वाटलं होतं."

"बाई, पट्ट्याचं काम..."

"पट्टा सरकला की धून लंगडते. गप्प बसत नाही. खरं काय झालं?"

काटेभाऊ उभ्या उभ्याच बोलले. कार्ड, 'हो', साहेबांशी खोटं, वाचनालय, पंचावन्न ठोके, सगळं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बसा आधी. तो व्हिडिओ दाखवा."

फोन कानाशी धरून त्यांनी तो दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा पिंकूच्या आरोळीला त्यांना हसू फुटलं. "खणखणीत गळा आहे पोरीचा. गायला का नाही बसवलीत?" मग त्या पियानोकडे गेल्या, दोन्ही बाजूंचं वाजवून मधल्या तीन स्वरांशी थांबल्या. एकदा असं वाजवलं. एकदा तसं. परत असं. काटेभाऊ त्यांच्या बोटांकडे डोळे फाडून बघत होते.

"यातलं कुठलं बाई?"

"माझ्याकडचा कागद मी तेव्हाच कार्यालयात दिला," त्या हळूच म्हणाल्या. "लिहितानासुद्धा माझं या दोनांत अडलं होतं. बहुतेक पहिलं घेतलं. बहुतेक."

"बहुतेक?"

"रोज ऐकतेय मी ती धून, काटेभाऊ. रोज ऐकलेलं माणूस लक्ष देऊन कुठे ऐकतं?" त्यांनी कागदावर तीन आकडे लिहून दिले: नऊ, सात, बारा. "हे घाला. चुकलं तर माझ्या नावावर."

काटेभाऊंनी त्याच संध्याकाळी वाचनालयात जाऊन त्या तीन रेघा फाइलीत घातल्या. शनिवारी साहेब अडीचलाच आले. एकशे बारा पायऱ्या चढून धापा टाकत म्हणाले, "दाखवा तुमचा पट्टा." काटेभाऊंनी पट्टा दाखवला. पट्टा नवाकोरा होता, त्यांनीच दोन महिन्यांपूर्वी बदललेला. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "हा सरकतो?"

रात्रभर घोटून ठेवलेली उत्तरं काटेभाऊंना ऐन वेळी आठवली नाहीत. "नाही साहेब. पट्टा कधीच सरकला नव्हता. फाइल माझ्या हातून पुसली गेली. मी घाबरलो आणि खोटं बोललो."

साहेब खिडकीच्या फळीवर टेकले. सगळं ऐकून घेतलं. "मला फोनवर सांगितलं असतं तर मी काय केलं असतं?"

"तेच ठाऊक नव्हतं साहेब. म्हणून नाही सांगितलं."

"लेखी ताकीद तर द्यावी लागेल. खोटं बोलल्याची, फाइलीची नाही." मग घड्याळात बघून म्हणाले, "चारला वाजेल ना?"

चारला पाच मिनिटं असताना काटेभाऊंनी पाचरी काढल्या, परत मोजल्या, सोळा. कानात कापूस घातला आणि लगेच काढून टाकला. टोले पडले. पेटीत बारीक टक् झालं आणि पाचवा हातोडा उचलला गेला. त्यांनी या वेळी खाली वाकायचं नाही असं ठरवलं होतं. नऊ, सात, बारा. तिन्ही पडले, पट्टा सरकला नाही, धून पुढे निघून गेली. ते बरोबर होतं की चूक, हे त्यांच्या कानाला शेवटपर्यंत कळलं नाही. खालून कुणीतरी टाळी वाजवली, बहुधा पहारेकऱ्याने.

खाली आल्यावर त्यांनी मावशीला विचारलं, "कशी वाटली?"

"काय कशी?"

"धून."

"धुनेसारखी," मावशी म्हणाली आणि पुढचा शर्ट घडी करायला घेतला.

लेखी ताकीद आली, ती बायकोने विजेच्या बिलांच्या पिशवीत ठेवली. फाइलीच्या प्रती आता पाच ठिकाणी होत्या: कार्यालयात, वाचनालयात, घरी, बाईंच्या कपाटात आणि लांबच्या बंदरावर. काटेभाऊंना चांगली झोप लागू लागली. म्हणजे त्यांच्या मानाने चांगली.

तीन आठवडे गेले आणि बाईंचा फोन आला.

"काटेभाऊ, मला वाटतं ते दुसरं होतं. सात, नऊ, बारा."

"वाटतं की खात्री आहे बाई?"

"वाटतं."

एवढ्या वर्षांत नाही झाली तेवढी पंचाईत झाली. बदलावं, तर परत फाइल उघडायची, परत खोडायचं. न बदलावं, तर गावाच्या डोक्यावर रोज एक चूक वाजवायची. दोन दिवस विचार करून ते वाचनालयात गेले, दोन रेघांची अदलाबदल केली, नवी प्रत काढताना जुनीही जपून ठेवली आणि कार्ड बसवलं. त्या दुपारी बाई स्वतः काठी टेकत चौकात आल्या. इस्त्रीवाल्या मावशीने त्यांना स्टूल दिलं. धून झाली. वरच्या झरोक्यातून काटेभाऊ बघत होते, पण एवढ्या उंचीवरून बाईंच्या चेहऱ्यावरचं काही वाचता येईना. त्या उठल्या, मावशीशी दोन शब्द बोलल्या आणि निघून गेल्या.

काटेभाऊ पायऱ्या उतरून, खरं तर धावत, फुटपाथपाशी आले. "मावशी, बाई काय म्हणाल्या?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "उद्या परत येते म्हणाल्या."